एक पुडी आठवणीने

३१ वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होतो. रात्रपाळी, लाल शाई आणि उजव्या हाताशी कायम अर्धा कप गार चहा. ५ सप्टेंबरच्या अंकात 'शिक्षक दिन'ऐवजी 'शिक्षक दीन' छापून जाऊ नये, एवढ्यासाठी रात्री दोनला डोळे ताणून बसणारा माणूस मी. (शिक्षकांकडे पाहता दुसरं रूपच जास्त खरं वाटायचं, पण ते माझ्या खात्यात येत नव्हतं.) निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. लग्नपत्रिका हातात आली की मी मुहूर्ताच्या आधी वेलांट्या बघतो आणि यजमानांना फोन करून कळवतो. तीन घरांनी त्यामुळे आमंत्रण देणंच बंद केलं.

पुढची हकीकत मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय ती हौस म्हणून नव्हे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ती आधीच पसरली आहे आणि प्रत्येक फेरीत तिच्यात नव्या चुका शिरताहेत. निदान एक शुद्ध प्रत असावी.

डिसेंबरात संघाने मोफत तपासणीचं शिबिर ठेवलं. दारावर फलक होता, 'अस्थी घनता तपासणी'. मी चिटणिसांना बाजूला घेऊन सांगितलं की हा सामासिक शब्द आहे, जोडून लिहायचा आणि 'स्थि' ऱ्हस्व, म्हणजे 'अस्थिघनता'. चिटणीस म्हणाले, "काका, तपासणी फुकट आहे. व्याकरणाचे वेगळे पैसे पडतील."

खरं तर मी गेलो होतो ते बायकोला सोबत म्हणून. हाडं ठिसूळ होतात ती बायकांची, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटतं आणि हाडं विरळ होतात, एवढं मीच आमच्या महिला पुरवणीत दरवर्षी तपासलं होतं. मोजा काढायचा, टाचेला गार चिकट जेल लावायचं आणि पाय एका पेटीत सरकवायचा, अशी तपासणी. हिचा आकडा आला वजा ०.८. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, एक नंबर." मग जागा आहे, रांग नाही आणि फुकट आहे, म्हणून मीही पाय घातला.

मुलाने कागद पाहिला, उलटा करून पाहिला. "काका, दुसरी टाच द्या." दुसरीही दिली. आकडा आला वजा २.९.

मी कागद हातात घेऊन म्हणालो, "हा वजा नसावा. संयोगचिन्ह असेल. छापताना असं होतं."

मुलगा सभ्य होता. त्याने मला नुसतं डॉक्टरांच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

टाचेचं मशीन नुसती शंका काढतं, खात्री कमरेच्या आणि मणक्याच्या डेक्सा स्कॅनने होते. तो केला. वजा २.७. हा आकडा म्हणजे तिशीतल्या धडधाकट माणसाच्या हाडांशी तुमच्या हाडांची तुलना. वजा १ पर्यंत ठीक, तिथून वजा २.५ पर्यंत विरळ, त्याखाली ठिसूळ. रक्तातलं ड जीवनसत्त्व निघालं ८, जे निदान २० तरी हवं. हाडांच्या डॉक्टरांनी चौकशी केली. ऊन? मी म्हणालो, रात्रपाळीचा माणूस, दिवसा पडदे ओढून झोपायचो. व्यायाम? माझ्या खुर्चीपासून संपादकांच्या केबिनपर्यंत, तोही बोलावलं तर. सिगरेट? अंक छपाईला जाईपर्यंत सहा-सात. धास्ती, ताण? रोज रात्री साडेबाराला.

डॉक्टर चांगले रसिक होते, सविस्तर सांगत बसले. हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. त्यात काही पेशी जुनं कुरतडत असतात, काही नवं भरत असतात, आणि दर वर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा बदलला जातो. या दोन टोळ्यांवर देखरेख संप्रेरकांची. मेंदूला धास्ती वाटली की तो पियुषिका ग्रंथीमार्फत मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना निरोप धाडतो, तिथून कॉर्टिसोल सुटतं. ते वर्षानुवर्षं चढं राहिलं तर भरणाऱ्या पेशी मंदावतात आणि मेंदूत स्मरणाचं काम पाहणाऱ्या भागालाही त्रास होतो. मी विचारलं, "पण हे पुरुषांना कसं?" माझ्या स्वरात किंचित तक्रार असावी, कारण ही खिडकीबाहेर बघायला लागली.

तेव्हा त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली, ती मला आजही सुचेल तेव्हा सांगावीशी वाटते. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि गडी अजून वाढतच होता. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण हाडं म्हातारीसारखी ठिसूळ. शोध घेतला तर त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोपच वाचता येत नव्हता. निरोप यायचा, तो घेणारा दरवाजा जन्मतः बिघडलेला. म्हणजे पुरुषाचं हाडसुद्धा बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनवरच उभं असतं. आपल्या टेस्टोस्टेरॉनमधलं थोडं शरीर गुपचूप इस्ट्रोजेनमध्ये बदलून घेतं आणि हाडांना पुरवतं.

"म्हणजे यांच्यातही आहे थोडं," ही म्हणाली.

"असायला हवं," डॉक्टर म्हणाले.

या संभाषणावर मी नाराज असल्यामुळे पुढचं लक्ष देऊन ऐकलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, तीही मराठीत, कारण शिबिरातल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी अक्षरं उमगत नाहीत असा त्यांचा अनुभव. लिहून झाल्यावर ते समजावून सांगू लागले, "ही गोळी रोज सकाळी, आणि ही पुडी..." मी त्यांना हाताने थांबवलं. "डॉक्टर, ३१ वर्षं मी अक्षरंच वाचली आहेत. एका समीक्षकाचं हस्तलिखित तर त्यांना स्वतःला वाचता येईना, ते मला विचारायला यायचे." डॉक्टर हसले आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

तीवर स्वच्छ लिहिलं होतं,

रात्री कोमट दुधातून
एक पुडी आठवणीने.

मला तो 'आठवणीने' फार आवडला. औषधाच्या चिठ्ठीवर असा घरगुती शब्द कोण लिहितं? मी घरी येऊन हिला म्हणालो, "बघ, मराठीत अजून असे डॉक्टर आहेत." ती बॅग भरत होती. लेकीचं बाळंतपण होतं बंगळुरात, दोन महिन्यांसाठी निघाली होती. तिने चिठ्ठीकडे न बघता "आठवणीने घ्या म्हणजे झालं" असं म्हटलं, आणि गाडीला लागली.

२० डिसेंबरच्या रात्री मी पहिली पुडी घेतली. चिठ्ठीवर पुड्या आठ लिहिल्या होत्या. मेडिकलवाल्याने दोन पाकिटांत चार-चार दिल्या. मी मनाशी म्हटलं, आठ दिवसांत कुठे हाडं भरतात? हा पहिला हप्ता असणार. नवव्या दिवशी दुसऱ्या मेडिकलमधून चार आणल्या, तेराव्या दिवशी तिसऱ्या. कुणी चिठ्ठी मागितली नाही आणि मी दाखवली नाही. मोबाईलमध्ये साडेनऊचा गजर लावला. एक रात्र चुकवली नाही. नियमितपणाचा मला जन्मात कधी इतका अभिमान वाटला नव्हता.

सकाळी गच्चीवर कोवळं ऊन खायला जायचो, बनियन आणि माकडटोपी घालून. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई मला पाहून दोरीची दिशा बदलायच्या. हे कोवळं ऊन ड जीवनसत्त्वासाठी जवळजवळ निरुपयोगी असतं, हे मला उशिरा समजलं. किरण तिरपे असले की त्यांतला कामाचा भाग वातावरणातच अडकतो. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली म्हणजे ऊन उपयोगाचं. पण आपल्याकडे आरोग्याच्या कुठल्याही सल्ल्याला 'कोवळं' लावलं की तो बरोबर वाटतो.

उरलेला दिवस वाचनात जायचा. नातवंडांसाठी म्हणून घेतलेल्या टॅबवर मी हाडांचं वाचू लागलो आणि वाचता वाचता खुळा झालो. आपण समजत होतो की मेंदू हुकूम सोडतो आणि हाडं निमूट ऐकतात. हुकूम तर सुटतोच. चरबीतून निघणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला जाऊन भेटतं, तिथून स्वायत्त मज्जातंतूंच्या तारा थेट हाडापर्यंत जातात, आणि हाड किती भरायचं हे उंदरांत तरी तिथून ठरतं. पण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले जेरार कार्सेन्टी यांनी हे उलट्या बाजूनेही दाखवलं. हाड भरणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं एक द्रव्य रक्तात सोडतात, ते उंदरांच्या मेंदूत पोहोचतं, आणि ज्या उंदरांत ते नसतं ते घाबरट आणि विसरभोळे निघतात. हाडच मेंदूला पत्र लिहितं! 'हाडाचा शिक्षक', 'हाडाचा कलावंत' असं मराठी माणूस कार्सेन्टींच्या कितीतरी आधीपासून म्हणत आला आहे, हे मी कट्ट्यावर ठणकावून सांगितलं.

२०२० साली दुसऱ्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर तयार केले आणि आधी सांगितलेले काही परिणाम, विशेषतः साखरेबाबतचे, त्यांना दिसले नाहीत. म्हणजे वाद मिटलेला नाही. हेही मी वाचलं होतं. पण जिभेला हाड नसतं. कट्ट्यावर हा भाग मी गाळला.

जानेवारीच्या शेवटी तहान लागायला लागली. साधी नव्हे, तांब्या तोंडाला लावून उभ्याने संपवायचा अशी. मग रात्री चार-पाचदा उठणं. मी म्हटलं, पाणी प्यायलं तर जाणारच. मग पोट बसलं. इसबगोल, त्रिफळा, गरम पाणी, काहीच मात्रा चालेना. जेवणावरची इच्छा गेली. दुपारी एक प्रकारची गुंगी येई, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागे. मी या प्रत्येक गोष्टीला कारण शोधलं. गुंगी थंडीची, भूक नाही ती बायको घरी नसल्याची, आणि विसरणं वयाचं. आणि या सगळ्यावरचा उपाय म्हणून पुडी मात्र आठवणीने.

लेकीला मुलगी झाली. मी आनंदाने फोन केला, सगळी चौकशी केली आणि तासाभराने पुन्हा फोन करून विचारलं, "काय झालं गं शेवटी, मुलगा की मुलगी?" संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा फोन हिने घेतला. "अहो, बरं आहे ना तुम्हाला?" मी म्हणालो, "हाडं भरताहेत." ती दोन क्षण गप्प होती.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. माझी कट्ट्यावरची विद्वत्ता पाहून संघाने त्या दिवशी माझंच व्याख्यान ठेवलं. पत्रक छापायच्या आधी अर्थातच माझ्याकडे तपासायला आलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं, खाली सही करून परत दिलं. ते तीनशे घरांत गेलं. विषय छापला होता, 'हाडे आणि मेंढू'.

दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी ते माझ्यापुढे धरलं. मी पुन्हा वाचलं आणि म्हणालो, "बरोबर आहे की." आज सांगतो, त्या प्रसंगाची मला जेवढी लाज वाटते तेवढी पुढच्या कशाचीच वाटत नाही.

ही २६ तारखेला परतली. आल्या आल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "गाल कुठे गेले?" मी तिला ऑस्टिओकॅल्सिनविषयी सांगू लागलो. तिने डाळतांदूळ निवडायला घेतले, पण नजर माझ्यावरच होती.

सभागृहात पंचेचाळीस माणसं. त्यांत व्याकरणावरून मी ज्यांना दुखावलं होतं ती सगळी. सुरुवात झकास झाली. मी सांगितलं की धोका दिसला की हृदय धडधडतं, श्वास वाढतो, हे सगळं आपण आजवर ॲड्रेनॅलिनच्या नावावर मांडत होतो. पण २०१९ साली कार्सेन्टींच्या चमूने दाखवलं की उंदीर घाबरला की दोन-तीन मिनिटांत त्याच्या हाडांतून ऑस्टिओकॅल्सिन भसाभस बाहेर पडतं आणि शरीराला शांत ठेवणाऱ्या मज्जातंतूंना गप्प करतं, म्हणजे पळायला मोकळीक. "आणि मित्रहो, माणसांवरही त्यांनी पाहिलं. धोका म्हणून काय दिलं असेल? वाघ? नाही. लोकांसमोर भाषण करायला लावलं! त्यांच्याही रक्तात ते वाढलं. म्हणजे या क्षणी माझ्या..."

इथे मी थांबलो. पाणी प्यालो. पेला संपवला, अध्यक्षांचाही संपवला. "एक मिनिट" म्हणून आत जाऊन आलो. परत आलो तर वाक्य कुठे सोडलं होतं ते आठवेना. कागद काढला, कागदावरची अक्षरं ओळखीची वाटत होती, पण लग्नात भेटणारे नातेवाईक ओळखीचे वाटतात तशी. "म्हणजे माझ्या... माझ्या शरीरात जे असतं... आत... पांढरं... कडक..."

"खडू?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

सभागृह खदखदलं. मी कपाळाला हात लावून उभा. माझ्या तोंडी 'हाड' हा शब्द येईना. दोन अक्षरी, एकही जोडाक्षर नाही, कुत्र्यालासुद्धा आपण दिवसातून दहादा म्हणतो तो शब्द! शेवटी मी म्हणालो, "वजा दोन पूर्णांक सात," आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं भाषण संपलं.

ही मागच्या रांगेतून उठली, रिक्षा बोलावली आणि मला थेट दवाखान्यात घेऊन गेली.

तिथली डॉक्टर मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला, सलाईन लावलं. दोन तासांत रिपोर्ट. रक्तातलं कॅल्शियम १३.६, असायला हवं साधारण ८.५ ते १०.५. ड जीवनसत्त्वाच्या रकान्यात आकडाच नव्हता, नुसतं '१५० पेक्षा जास्त'. यंत्राची मोजपट्टी तिथेच संपत होती. तिने विचारलं, "आजोबा, काय काय औषधं घेता?"

मी म्हणालो, "डॉक्टरांनी दिलंय तेच. आठवणीने."

हिने पर्स उघडून चिठ्ठी काढली. घरातून निघताना तिने माझ्या टेबलावरून उचलली होती, म्हणजे तिला अंदाज आला होता. चष्मा न लावता तिने ती वाचली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, आठवड्याने आहे हे."

डॉक्टर मुलीने कागद घेतला. "आठवड्याने." तिने नर्सला दाखवला. "आठवड्याने," नर्स म्हणाली. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरात घालून पडलेले गृहस्थ होते, त्यांनीही हात पुढे केला. त्यांनाही दिला. त्यांनीही तेच वाचलं.

मी मागून घेतला. व्यावसायिक दृष्टीने सांगतो, चूक कुठे झाली ती मला अखेर दिसली. 'ड्या'तला 'य' आणि पुढचा काना यांचे दोन उभे दांडे डॉक्टरांनी जवळजवळ काढले होते, ते मी 'ण'चे पाय समजलो. आणि वरच्या ओळीतल्या 'दुधातून'च्या दीर्घ उकाराचं शेपूट लांबून खाली आलं होतं, ते नेमकं त्यावर टेकलं, त्याची मी वेलांटी केली. दुसऱ्याच्या उकाराची वेलांटी! नोकरीत असतो तर असल्या चुकीला मी कंपोझिटरला उभा सोलला असता.

एका पुडीत ६० हजार युनिट. हिने रिपोर्टच्या पाठीवर पेन्सिलने गणित मांडलं. २० डिसेंबर ते २७ फेब्रुवारी, ७० रात्री, ४२ लाख युनिट. रोजची गरज साधारण ६००. म्हणजे ७ हजार दिवसांचं. "एकोणीस वर्षांचं ड प्यायलात तुम्ही," ती म्हणाली, "आणि तेही दूध आणायला मी नसताना."

मग सलाईनचे थेंब मोजत असताना त्या मुलीने मला समजावलं. डोकं अजून जड होतं, त्यामुळे तिला तीनदा सांगावं लागलं, आणि तिने सांगितलं. मुळात या 'ड'ला जीवनसत्त्व म्हणणं हीच जुनी चूक, काम सगळं संप्रेरकाचं. ते यकृतातून आणि मूत्रपिंडातून जाऊन तयार होतं आणि आतड्याला हुकूम देतं की अन्नातलं कॅल्शियम आत घे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेला चिमूटभर वाटा रक्तात आणि पेशींत, पण सगळा कारभार त्या चिमटीवर. गळ्यात थायरॉईडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्या संप्रेरक सोडून हाडांतून ते काढून आणतात. जरा चढलं की गप्प बसतात. मला ऐकून भरून आलं. हे तर शरीराचे मुद्रितशोधक! रात्रंदिवस जागे, कुणाला ठाऊक नसलेले. "माझ्या काय करताहेत?" मी विचारलं. तिने रिपोर्ट दाखवला. त्यांचं संप्रेरक जवळजवळ शून्यावर. इतक्या चुकांपुढे त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

आणि इतकी काळजी कशासाठी, तर मज्जातंतूंसाठी. कॅल्शियम हे चेतापेशींच्या दारावरचे पहारेकरी. कमी पडले तर दारं सताड उघडी, मग बोटांना मुंग्या, हातापायांत पेटके, झटकेसुद्धा. जास्त झाले तर निरोप आतच शिरत नाही. मेंदू सुस्त, आतडी सुस्त, माणूस सुस्त. तहानेचं कोडंही असंच सुटलं. पाणी राखून ठेव म्हणून मेंदू पियुषिकेमार्फत मूत्रपिंडाला एक संप्रेरक पाठवतो, पण कॅल्शियम इतकं चढलं की मूत्रपिंड ते ऐकेनासं होतं. म्हणून तांब्यावर तांबे आणि फेऱ्यांवर फेऱ्या.

"पण निदान हाडं तरी भरली असतील?" मी शेवटची आशा म्हणून विचारलं.

मुलगी गंभीर झाली. "नाही आजोबा. ड इतकं वाढलं की ते उलट हाडांतूनच कॅल्शियम काढायला लागतं."

म्हणजे ७० दिवस मी गजर लावून स्वतःच्या घरावर दरोडा घालत होतो.

उपचार म्हणजे सलाईन, पुडी बंद, कॅल्शियमची गोळी बंद, दूध-दही-पनीर बंद, ऊन बंद. गच्चीच्या दाराला हिने कुलूप लावलं. आतड्याने जास्तीचं कॅल्शियम घेऊ नये म्हणून काही दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या. त्या म्हणजे कॉर्टिसोलचीच भावंडं, आणि दीर्घकाळ घेतल्या तर हाडं ठिसूळ करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. हे मला ठाऊक होतं, कारण हेही मी महिला पुरवणीत तपासलं होतं. पण मी तोंड उघडलं नाही. शब्द परत आले होते तरीही.

ते परत आले पाचव्या दिवशी सकाळी. नर्स चहा घेऊन आली, त्या वॉर्डाच्या दारावर पाटी होती, 'शांतता राखा', त्यातल्या 'शां'वरचा अनुस्वार गळला होता. मला तो दिसला. मी ओरडलो. हिने डोळे मिटून हात जोडले, देवाला की नशिबाला ते मी विचारलं नाही. चरबीत साठलेलं ड ओसरायला मात्र आणखी काही महिने लागले. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायचं, दर वेळी प्रयोगशाळेतला मुलगा विचारायचा, "काका, पुडी?" सगळ्या गावाला कळलं होतं.

पहिल्या डॉक्टरांना भेटायला गेलो, तर ते माझ्याहून जास्त ओशाळलेले. "माझं अक्षर..." म्हणायला लागले. मी म्हटलं, अक्षर ठीकच होतं, चौघांनी एकाच दमात वाचलं. त्यांनी आता ठिसूळपणासाठी वेगळी गोळी दिली आहे. कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालणारी. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. शिवाय रोज तीन जिने चढणं-उतरणं. हाडावर भार पडला तरच ते भरतं. वजनरहित अवस्थेत राहणारे अंतराळवीर भार वाहणाऱ्या हाडांतला टक्काभर ऐवज महिन्याला गमावतात. या वेळी चिठ्ठी त्यांनी छापील दिली, मोठ्या टाइपात. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. मी त्या दाखवल्या नाहीत.

ही गोळी आठवड्यातून एकदाच. हिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक रविवारभोवती लाल शाईने गोल केला आहे, माझ्याच लाल पेनने. गोळ्यांचं पाकीट तिच्या कपाटात असतं, किल्ली कमरेला. जुनी चिठ्ठी तिने फ्रिजवर चुंबकाने लावली आहे, पाहुणे आले की त्यांना वाचायला लावते. अजून एकानेही 'आठवणीने' वाचलेलं नाही.

आज शनिवार आहे. मी तिला विचारून घेतलं.